बांबूची लांबी आणि साधकाची नम्रता

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांचा गौरव बहुधा सुमारे ३२ इंचांच्या बासरीचे जनक म्हणून होतो. आम्हांस तो अपुरा वाटतो. लोकधुनांपुरत्या मानलेल्या या वाद्याला त्यामुळे खर्जाची खोली लाभली खरी. परंतु बांबू लांबवल्याने विलंबित आलाप साधत नाही. त्यास श्वासावर ताबा आणि मनात धीर लागतो. मुंबईत चित्रपटांचे संगीतकार म्हणून नाव झाल्यावरही १९४७ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. पुढे दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी रचना केल्या. तरीही एकट्या बासरीवरचा त्यांचा यमन आम्हांस अधिक थोर वाटतो. तेथे वाद्याची नवलाई विसरून आपण केवळ राग ऐकतो. नाव झाल्यावरही शिष्य होऊ शकणाऱ्यालाच हे साधते.