पुणें-दर्शनांत कात्रजच्या नळाचें स्थान

पुणें पाहावयास येणाऱ्यांसाठीं निघालेल्या मार्गदर्शिका आम्हीं मिळतील तितक्या वाचल्या. शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० त पडला, १८२८ च्या आगींत आंतील इमारती जळाल्या, ही माहिती त्यांत बहुधा बिनचूक असते. तिजबद्दल लेखक धन्यवादास पात्र आहेत. परंतु वाडा, देवालय, पेठ यांचीं सुटीं वर्णनें एकापुढें एक मांडल्यानें नगर समजत नाहीं. त्यांस ओंवणारें सूत्र पाहिजे.

आमच्या मतें तें सूत्र कात्रजचा नळ होय. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तळ्यांतील पाणी बांधीव भुयारी नळानें, केवळ उताराच्या बळावर, वाड्यापर्यंत आणलें गेलें. पेठांतील हौदही त्याच पाण्यानें भरत. वाड्यांत खेळणारें पाणी व काळ्या हौदावर भरली जाणारी सामान्य जनांची घागर यांचा उगम एकच! हें न सांगतां हजारी कारंज्याच्या सोळा पाकळ्या मोजून दाखविण्यांत काय हंशील?

नळांतील कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या बांधकामांस लोक ‘उसासे’ म्हणतात. संस्कृत ‘उच्छ्वास’ शब्दाचें हें तद्भव रूप किती अन्वर्थक आहे! मार्गदर्शिकांत मात्र तें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं.

हा दोष केवळ लेखनाचा नव्हे. वाड्यास तट आहे, तिकीट आहे, राखणदार आहे. उसाशांस यांपैकीं कांहींच नाहीं. जें दाखविलें जात नाहीं, तें राखलेंही जात नाहीं. यास्तव पुढील आवृत्त्यांत पुणें-दर्शनाचा आरंभ कात्रजपासून व्हावा, अशी आमची सूचना आहे.