व्हिस्की वॉक आणि मध्येच तोडलेला उतारा

एडिनबरात व्हिस्कीच्या इतिहासाच्या पायी सहली निघतात. रॉयल माईलवर जमायचं, दोनेक तास गाइडच्या मागून जुन्या शहरातल्या बोळांतून फिरायचं, मध्ये तीन-चार ठिकाणी बसून थोडीथोडी चाखायची आणि प्रत्येक ग्लासाबरोबर एक गोष्ट ऐकायची. (गाइड म्हणजे इथे सहलीचा. तुमच्या पीएचडीच्या गाइडना मी यात ओढत नाहीये.) दफ्तरखान्यातल्या कामासाठी तिथे गेले होते, तेव्हा अशी एक सहल केली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, कारण या सहलींचा मसाला सगळीकडे साधारण सारखाच असतो.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या मागे आहात. पुढे लिटरेचर रिव्ह्यू लिहाल, म्हणजे दुसऱ्याचं विधान त्याच्या पुराव्याशी ताडून बघाल. त्याचा सराव जाडजूड ग्रंथावरच करायला हवा असं काही नाही. ही सहल आपण एखाद्या प्रकाशित लेखासारखी तपासू.

आधी चांगलं सांगते. सहल म्हणून ती उत्तम होती. गाइडचा आवाज, वेळेचं भान, पाऊस आला तेव्हा माणसं आडोशाला नेऊन गोष्ट तिथूनच पुढे सुरू करणं, हे सगळं आपल्या निम्म्या चर्चासत्रांपेक्षा सरस होतं. आणि तिथे सांगितलेली एकही गोष्ट निव्वळ थाप नव्हती. प्रत्येकीच्या मुळाशी खरा कागद आहे. म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे. थापा तपासून फारसं शिकायला मिळत नाही.

पहिला ग्लास, पहिलं विधान: १४९४ साली फ्रायर जॉन कॉर या साधूने स्कॉटलंडमधली पहिली व्हिस्की बनवली. याचं मूळ म्हणजे राजाच्या खजिन्याच्या हिशेबातली एक लॅटिन नोंद. त्या काळी गादीवर चौथा जेम्स होता. नोंद इतकंच सांगते की राजाच्या आज्ञेवरून, अ‍ॅक्वा व्हिटे करण्यासाठी, फ्रायर जॉन कॉर याला आठ बोल माल्ट दिलं. बोल हे धान्य मोजायचं जुनं माप. बस्स, एवढंच. आता विधान पुन्हा वाचा. ‘व्हिस्की’ हा शब्द नोंदीत नाही. ‘पहिली’ तर नाहीच नाही. ती आपल्या हाती टिकलेली सर्वांत जुनी स्कॉटिश नोंद आहे, आणि टिकलेलं पहिलं म्हणजे घडलेलं पहिलं नव्हे. उलट कारकुनाने अ‍ॅक्वा व्हिटे म्हणजे काय याचा एका शब्दानेही खुलासा केलेला नाही. ज्याचा खुलासा करावा लागत नाही, ती वस्तू लिहिणाऱ्याला नवी नसावी. म्हणजे सहल ज्या कागदावरून सुरुवात सिद्ध करते, तोच कागद सुरुवात त्याच्या आधी कधीतरी झाली असावी असं सुचवतो!

पुढे जोडलेल्या गोष्टी अशाच. हा साधू फाइफमधल्या लिंडोर्स मठाचा, असं ठामपणे सांगतात. नोंदीत मठाचं नाव नाही. आठ बोल माल्टमधून सुमारे १५०० बाटल्या निघतील, असंही सांगतात. हा आकडा काढायला त्या काळच्या मापाचं आजचं वजन धरावं लागतं, त्या काळची भट्टी आजच्याइतकी कार्यक्षम मानावी लागते, आणि बाटलीचा आकार व दारूची तीव्रताही आजची घ्यावी लागते. एवढी गृहीतकं एकावर एक रचल्यावर जे उरतं ते १४९४ चं उत्पादन नसतं, आजच्या माणसाला कल्पना यावी म्हणून केलेली तुलना असते. तुलना करायला हरकत नाही. पण ती नोंदीच्या अंगाला चिकटली की पुढचा माणूस तिलाच नोंद समजतो.

मी स्वतः टिपणं काढताना तीन रंगांची पेनं वापरते. कागदात जे आहे ते निळ्याने, मी काढलेलं अनुमान हिरव्याने, दुसऱ्या कुणी त्यावर म्हटलेलं लाल. बालिश वाटेल, पण प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहीपर्यंत हे तिन्ही डोक्यात कसे मिसळून जातात ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. सहलीचं पहिलं वाक्य या पद्धतीने लिहिलं तर त्यात निळं फार थोडं उरतं.

दुसरा थांबा मला जास्त आवडला, आणि नेमका तोच दोन मिनिटांत उरकला. १५०५ मध्ये एडिनबराच्या नगरपालिकेने न्हावी-शल्यवैद्यांच्या संघाला सनद दिली. तीत शहरात अ‍ॅक्वा व्हिटे बनवण्या-विकण्याचा मक्ताही होता. गाइड म्हणाला, ‘तेव्हा डॉक्टरच दारू देत!’ लोक हसले, आम्ही पुढे निघालो. पण मक्ता कधी द्यावा लागतो? दुसरं कुणी तेच करत असतं तेव्हा. १५५० च्या दशकात बेसी कॅम्पबेल नावाच्या एका बाईला याच मक्त्याच्या आधारे ताकीद मिळाली: शहरात अ‍ॅक्वा व्हिटे बनवायची नाही, बाजाराच्या दिवसाशिवाय विकायची नाही. घराघरांत दारू गाळणाऱ्या बायकांचा इतिहास असाच सापडतो, त्यांना मनाई करणाऱ्या कागदांत. सहलीत आलेल्या निम्म्या तर बायका होत्या. पण दोन तासांत बेसीचं नाव निघालं नाही.

मग १७७७ चा आकडा: शहरात परवान्याच्या भट्ट्या आठ, बेकायदा चारशे. हा येतो ह्यूगो आर्नॉट या वकिलाने १७७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एडिनबराच्या इतिहासातून. आठ मोजता येतात, कारण त्यांची अबकारी खात्यात नोंद असते. चारशे कोण मोजणार? पकडल्या गेल्या त्या बंद झाल्या, न पकडलेल्या कुणाला माहीत नव्हत्या. चारशे हा गोल आकडा म्हणजे एका जाणत्या माणसाचा अंदाज आहे आणि तसा तो मोलाचाही आहे. फक्त एकाच वाक्यात आठ आणि चारशे शेजारी बसवले की दोन्ही एकाच जातीचे वाटतात. आपल्याकडच्या सरकारी अहवालांत हे रोज दिसतं.

ग्रासमार्केटमधली १७३६ ची पोर्टियस दंगल मी सोडून देते. फाशी गेलेला अँड्र्यू विल्सन चोरट्या व्यापारातला होता, त्याने फाइफमध्ये जकात अधिकाऱ्याला लुटलं होतं हे खरं. पण तिथून व्हिस्कीपर्यंत येताना गाइडला बराच वळसा घालावा लागला.

आता मुख्य मुद्दा. शेवटून दुसरा ग्लास होता ग्लेनलिव्हेटचा आणि गोष्ट १८२२ च्या ऑगस्टमधली. राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, सगळा थाटमाट वॉल्टर स्कॉटने बसवून दिला होता. राजाला प्यायला हवी होती ग्लेनलिव्हेट, जी तेव्हा बेकायदा होती. दरबारी अधिकारी शोधत फिरले आणि अखेर हायलंडमधल्या एका घरातून ती आली. तस्कराची दारू राजाच्या ग्लासात! आणि लगेच पुढचं वाक्य: ‘म्हणून पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, सरकारने कायदा बदलला.’

‘म्हणून’ या शब्दापाशी नेहमी थांबा. राजा स्कॉटलंडला पोचण्याआधीच, १८२२ मध्येच, बेकायदा गाळपाविरुद्ध कडक कायदा झाला होता. थॉमस वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली महसूल चौकशी आयोग कामाला लागला होता. कूळ दारू गाळून खंड भरतं म्हणून आजवर डोळेझाक करणारे जमीनदारही आता बदल मागत होते. १८२३ च्या कायद्याने परवान्याची फी १० पौंड ठेवली, शुल्क निम्म्याहून खाली आणलं, आणि १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. यातलं काहीच एका ग्लासामुळे झालेलं नाही. आधी राजा प्यायला आणि नंतर कायदा झाला, इतकाच क्रम आपल्या हाती आहे.

पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. तो ग्लेनलिव्हेटचा किस्सा येतो एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींतून. हायलंडमधल्या रोथीमर्कसच्या जमीनदाराची ही मुलगी. घरच्या कोठाराची जबाबदारी तिच्याकडे होती. वडिलांचा निरोप आला, तेव्हा लाकडी पिपात मुरलेली, जिवापाड जपलेली दारू नाइलाजाने द्यावी लागली, असं ती लिहिते. सहलीत हे अगदी रंगवून सांगितलं आणि तिथेच थांबले. आठवणी मात्र तिथे थांबत नाहीत. त्याच परिच्छेदात, लगेच पुढे, ती सांगते की त्या व्हिस्कीची आणि सोबत पाठवलेल्या रानपक्ष्यांची दरबारी अधिकाऱ्याने योग्य वेळी आठवण करून दिली आणि त्यामुळे वडिलांना हिंदुस्थानात न्यायाधीशपद मिळालं.

हिंदुस्थानात म्हणजे मुंबईत. हे वडील म्हणजे सर जॉन पीटर ग्रँट. माझा प्रबंध मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांवर आहे, त्यामुळे नियमित वाचकांना हे नाव ओळखीचं असेल. कर्जात बुडालेला हा गृहस्थ १८२७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टावर नेमला गेला. १८२८ मध्ये पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यातून कोर्टापुढे हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम निघाला. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो बजावायला नकार दिला. कोर्टाची सत्ता मुंबई शहरापुरती की पुण्यापर्यंत, हा वाद इतका चिघळला की एप्रिल १८२९ मध्ये ग्रँटने कोर्टच बंद करून टाकलं. शेवटी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल कोर्टाच्या विरुद्ध गेला. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. नव्या राज्यात पुण्यातल्या माणसाला गव्हर्नरविरुद्ध दाद मागता येईल का, हा त्या खटल्यातला प्रश्न होता.

सहलीने हे सगळं सांगावं असं मी म्हणत नाही. पण उतारा कुठे तोडला ते बघा. राजाच्या ग्लासापाशी तोडला की उरते एक गोड तस्करकथा. एक वाक्य पुढे नेला की तीच दारू वशिल्याची भेट होते आणि वसाहतीतलं न्यायाधीशपद तिच्या मोबदल्यात पडतं. लेखिकेने यातलं काही लपवलेलं नाही, गाळलं ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी. म्हणून दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा उचलताना मूळ पान उघडाच. उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचा. बहुतेक वेळा तुमच्या प्रबंधाला लागणारी गोष्ट तिथेच पडलेली असते.

आता आपल्याच बाजूने सावधगिरी. व्हिस्कीमुळे मुंबईला न्यायाधीश मिळाला, हे वाक्य मराठी वाचकाला फार भावेल, आणि तेवढंच धोक्याचंही आहे. एलिझाबेथने आठवणी लिहायला घेतल्या त्या १८४५ नंतर, म्हणजे प्रसंगाला वीसेक वर्षं उलटल्यावर, घरच्या माणसांसाठी. क्षुल्लक गोष्टींवर मोठ्या घटना अवलंबून असतात हे दाखवण्याचा मोह तिलाही आहे, आणि ती ते उघड म्हणते. भेट १८२२ ची, नेमणूक १८२७ ची. मधल्या काळात वडील व्हिग पक्षाचे खासदार होते, आणि १८२७ मध्ये कॅनिंगच्या मंत्रिमंडळात व्हिग मंडळी आली होती. नेमणुकीची कारणं तिथेही शोधावी लागतील. शिवाय १८९८ मध्ये तिच्या भाचीने छापलेली आवृत्ती संक्षिप्त आहे. संपूर्ण मजकूर अँड्र्यू टॉड यांच्या १९८८ च्या आवृत्तीत मिळतो. कोणती आवृत्ती वापरली ते लिहायला विसरू नका, व्हायव्हात हमखास विचारतात.

चाखण्याबद्दल एक तक्रार. इतिहासाच्या नावाखाली जी व्हिस्की देतात, ती त्या इतिहासातली नसते. स्कॉच किमान तीन वर्षं पिपात मुरलीच पाहिजे, हा नियम पहिल्या महायुद्धाच्या काळातला. कॉरच्या माल्टमधून काय निघालं त्याची चव कुणालाच माहीत नाही. एलिझाबेथला मुरवलेल्या दारूचं एवढं कौतुक वाटलं, यावरूनच एरवी लोक काय पीत असतील याचा अंदाज येतो. जिभेवरचा पुरावा फार पटतो, पण तो आजचा पुरावा आहे.

आणि एडिनबराची स्वतःची व्हिस्की? ती या बोळांत फारशी नाहीच. अँड्र्यू अशरने इथे मिश्रण करून विकायचा धंदा वाढवला, १८६० च्या कायद्याने माल्ट आणि धान्याची व्हिस्की शुल्क भरण्याआधी गोदामातच मिसळायला मुभा दिली, १८८५ मध्ये गोर्गी भागात नॉर्थ ब्रिटिश ही धान्य-व्हिस्कीची डिस्टिलरी निघाली आणि ती आजही चालू आहे. हेमार्केटजवळ कॅलेडोनियन डिस्टिलरीची उंच चिमणी अजून उभी आहे. १९८८ ला बंद पडलेल्या त्या कारखान्याच्या जागेवर आता घरं आहेत. कामगार, गोदामं, लीथ बंदरातली पिपं, हा या शहराचा खरा व्हिस्की-इतिहास. तिथे ना गूढ बोळ, ना फाशीची जागा. सहल संपल्यावर गाइडला मी चिमणीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘ट्रॅमने जावं लागतं आणि तिथे चाखायला काही नाही.’ प्रामाणिक उत्तर होतं.

एलिझाबेथ ग्रँटचा जन्म याच शहरात, शार्लट स्क्वेअरमधल्या ५ क्रमांकाच्या घरात, १७९७ मध्ये झाला. रॉयल माईलवरून चालत जाण्यासारखं अंतर आहे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. मोरो रघुनाथ खटल्याचे कागद कसे वाचायचे ते पुढच्या लेखात घेऊ. तोवर आठवणींमधलं १८२२ सालाचं प्रकरण आणि मुंबईची प्रकरणं वाचून ठेवा.