वाड्यातली विंचेस्टर: शिकारीचं लिखाण पुरावा म्हणून कसं वाचायचं?

सातारा-सांगलीकडच्या संस्थानी शिकारीवर काम करायचं ठरवलंत, तर सुरुवातीलाच तुमच्या टेबलावर दोन ढीग जमतील. एका ढिगात शिकारीच्या आठवणी, दुसऱ्यात जुन्या रायफलींच्या संग्राहकांचं लिखाण, बहुतेक अमेरिकन. दोन्ही वाचायला झकास. पण दोन्हींत एक सापळा आहे. बंदुकीचं वर्णन हा त्यातला सगळ्यांत नेमका भाग असतो: कंपनी, मॉडेल, बोअर, काडतूस. आणि जे नेमकं असतं ते आपल्याला खरंही वाटायला लागतं. माझं म्हणणं असं की बंदुकीबद्दल ते खरं असेलही, पण शिकारीबद्दल त्यातून फार थोडं कळतं.

उदाहरण म्हणून मोठ्या बोअरची लिव्हर-ॲक्शन रायफल घेऊ. चापाखाली कडीसारखा लिव्हर असतो. तो खाली ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतला की नवं आत जातं. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवर विंचेस्टरनं १८८६चं मॉडेल काढलं. ते .४५-७० सारखी दणकट काडतुसं पचवायचं. यातले ४५ म्हणजे इंचाचे शतांश आणि ७० म्हणजे काळ्या दारूचं ग्रेनमधलं वजन. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडू नये, म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवतात. १८९५च्या मॉडेलनं नळकांडं काढून पेटी आणली. त्यातली .४०५ बोअरची रायफल घेऊन थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत गेले आणि पुढच्या वर्षी त्यावर त्यांचं पुस्तक आलं.

हे सगळं संग्राहकांना तोंडपाठ असतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये जपल्या आहेत. क्रमांकावरून रायफल कारखान्यातून कधी बाहेर पडली ते अनेकदा सांगता येतं. कालनिश्चितीची इतकी शिस्त आपल्या कितीतरी शोधनिबंधांत नसते!

मग अडचण कुठे आहे? या लिखाणात लिव्हर-ॲक्शन म्हणजे सामान्य माणसाची बंदूक. शेतकरी, गुराखी, हिवाळ्यासाठी हरणाचं मांस साठवणारं कुटुंब. तो अर्थ अमेरिकेच्या इतिहासातून आलाय (तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून मिळवलेली जमीनही त्याच इतिहासात येते). तोच अर्थ उचलून कृष्णाकाठच्या वाड्यातल्या रायफलीला चिकटवला की विश्लेषण फसलं म्हणून समजा.

कारण आपल्याकडे १८७८चा शस्त्र कायदा होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा, आणि नियमांत युरोपियनांना, संस्थानिकांना, काही मानकऱ्यांना सूट. शेतकऱ्याच्या हाती आलीच तर पीक राखायला ठासणीची बंदूक. म्हणजे तीच रायफल तिकडे सर्वसामान्य आणि इकडे विशेषाधिकाराची खूण. वस्तू एकच, पण कायदा बदलला की तिचा अर्थही बदलतो.

बोअरचा आकडासुद्धा राजकीय असतो. १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी रायफली आणि काडतुसं आणायला बंदी आली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना तो दारूगोळा वापरता येईल, ही भीती त्यामागे होती. मग ब्रिटिश कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ असे नवे आकडे काढले. एखाद्या दुनळी रायफलीवर .४७० दिसलं तर संग्राहक म्हणेल, ‘हत्तीची रायफल’. तुम्ही मात्र असं वाचा: १८५७च्या पन्नास वर्षांनंतरही सरकारच्या पोटात असलेला गोळा.

आता भूगोल. कागदपत्रांत ‘सातारा’ दिसला की आधी साल बघा. छत्रपतींचं सातारा राज्य १८४८ साली खालसा झालं आणि थेट ब्रिटिश जिल्हा बनला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं राहिली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, त्याचं १९६० साली सांगली असं नामकरण झालं. म्हणजे १८८५च्या गॅझेटियरमधल्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग येतो.

‘हरीण’ हा शब्द तर आणखी फसवा. पश्चिमेला कोयना-जावळीच्या रानात सांबर आणि भेकर. पूर्वेला माण-खटाव-आटपाडीच्या माळावर काळवीट आणि चिंकारा. सांबराची शिंगं गळून पुन्हा येतात, काळवीटाची कायमची असतात. प्राणिशास्त्राच्या हिशेबानं काळवीट हरणांच्या कुळातलाच नाही. आठवणीत नुसतं ‘हरीण पाडलं’ असेल तर कुठे, असा प्रश्न विचारा.

इथे बंदुकीचं तांत्रिक ज्ञान खरंच कामाला येतं. .४५-७०ची गोळी जड आणि सावकाश जाणारी. शंभर यार्डांवर नेम जुळवला, तर दोनशेवर ती दीड-दोन फूट खाली लागते. दाट रानातल्या सांबराला ठीक, पण उघड्या माळावरच्या काळवीटासाठी गैरसोयीची. तेव्हा माळावर तीनशे पावलांवरून अशा रायफलीनं एका बारात काळवीट पाडल्याचं कुणी लिहिलं असेल, तर त्याला खोटं म्हणायची घाई नको. पण शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

सगळ्यांत मोठी फट मात्र वेगळीच आहे. शिकारवर्णनांत रायफलीला नाव असतं, हाकेवाल्यांना नसतं. ‘गावकऱ्यांनी रान उठवलं’ या एका वाक्यात किती माणसं, किती दिवस, मजुरीनं की वेठीनं, हे सगळं गडप होतं. आणि पारधी? फासे लावून तेच काळवीट पकडणाऱ्या फासेपारध्यांना गुन्हेगार जमाती कायद्यानं (१८७१, पुढे १९११चा) जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला. त्यानंतर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर सगळ्यांसाठीच कडक बंधनं आली, आणि ती यायलाच हवी होती. पण एकाची रायफल ‘वारसा’ म्हणून काचेच्या कपाटात गेली आणि दुसऱ्याचा फास पंचनाम्यात, हा फरक आपल्या प्रबंधात दिसला नाही, तर आपण शिकाऱ्याच्याच मचाणावर बसून लिहितोय असं समजा.

याच मातीतला एक लेखक इथे उपयोगी पडतो. व्यंकटेश माडगूळकर मूळचे माडगुळ्याचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले. त्यांनी शिकारही केली आणि पुढे नुसतं बघायला, रेखाटायला रानात जाऊ लागले. ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) तर माणूस जवळपास बाजूलाच आहे, गोष्ट वानरांच्या टोळ्यांची आहे. शिकारसाहित्याच्या शेजारी ते ठेवून वाचा. नजर बंदुकीवरून हलली की जनावर किती वेगळं दिसतं ते कळेल. पण तिथेही हाकेवाल्याची बाजू आपोआप मिळत नाही, ती आपल्यालाच शोधावी लागते.

कुठे शोधायची? कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या पुराभिलेखागारांत. शस्त्रपरवान्यांचे कागद, संस्थानांचे जमाखर्च, वेठीविरुद्धचे अर्ज असं मागत जा. जमाखर्चात ‘शिकारखर्च’ सापडला तर काडतुसांच्या रकमेशेजारी माणसांना दिलेली रक्कम शोधा. ती नसेल, तर तीही नोंदच आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कुणाच्या वाड्यात जुनी रायफल दाखवली, तर हात लावण्याआधी परवान्याबद्दल विचारा. जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातली सवलत दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशाच पुराण्या हत्यारांना आहे. भिंतीवरच्या शिंगांनाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. क्षेत्रकार्याच्या वहीत हेही टिपा.

पुढच्या वेळी सागरेश्वरला गेलात, तर सांबरं आणि काळवीटं बघताना एवढं लक्षात ठेवा: हे रान लोकांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून उभं केलं, आणि १९८५ साली ते अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. कुंपणाबाहेर आलेल्या हरणांनी पीक खाल्लेला शेतकरी तिथेच शेजारी भेटेल. त्याच्याशी बोला. हरणाबद्दल त्याचं मत वाड्यातल्या कुठल्याही रोजनिशीत मिळणार नाही.