कडेचा माणूस

अतिरुंद भिंगाने घेतलेल्या छायाचित्राची परीक्षा कडेपासून सुरू करावी, असे माझे मत आहे. मधला भाग कुणालाही साधतो. चित्राच्या मधोमध उभा राहिलेला माणूस ५० मिलिमीटरच्या भिंगातून जसा दिसतो तसाच १५ मिलिमीटरच्या भिंगातूनही दिसतो; लहान दिसतो, एवढेच. छायाचित्रकाराची समज, त्याचा विवेक आणि थोडे पुढे जाऊन म्हणायचे तर त्याची माणुसकी कळते ती डाव्या-उजव्या टोकाला. तिथे कोण उभे आहे आणि त्याचे काय झाले आहे, हे आधी पाहावे.

हा विषय आपल्या घरापासून फार दूरचा आहे, असे वाचकांनी समजू नये. २०१९ साली आयफोन ११ मध्ये १३ मिलिमीटरच्या तोडीचे भिंग आले, आणि आता असे भिंग कित्येक फोनांत असते. पाडव्याच्या दिवशी ओसरीवर कुटुंब गोळा करावे, मागे सरकायला जागा नसावी, आणि मग घरातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने पडद्यावरच्या ०.५ या आकड्यावर बोट ठेवावे, हा आता रिवाजच झाला आहे. सगळे मावतात. आजोबा मधोमध छान येतात. टोकाला बसलेल्या मावशीचे गाल मात्र पसरतात, दंड मुसळाएवढा होतो, आणि ती बिचारी ‘मी एवढी सुटलेय का गं?’ असे म्हणून ते हसण्यावारी नेते. काही फोन हल्ली असे चेहरे आपले आपण गोल करून देतात. पण मावशी पसरली का, हे कुणी विचारत नाही.

कारण साधे आहे. सरळ रेषा सरळच उमटवायची प्रतिज्ञा केलेले भिंग कडेच्या वस्तूला ताणल्यावाचून राहू शकत नाही. विजेरीचा झोत भिंतीवर समोरून टाकला तर गोल पडतो, तिरपा टाकला की लांबट होतो, तसेच हे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीवर १५ मिलिमीटरचे भिंग लावले, तर अगदी बाजूच्या काठावर ठेवलेला चेंडू उंचीच्या दीडपटीहून थोडा अधिक रुंद उमटतो. ५० मिलिमीटरच्या भिंगात हाच फरक शेकडा ६ इतकाच असतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. कोपऱ्यांची अवस्था काठांहून वाईट. याला भिंगाचे वैगुण्य म्हणणे म्हणजे भूमितीवर रागावणे होय.

फोनवाल्याला ही मावशी निदान पडद्यावर आधी दिसते. पाहायचे की नाही, हा त्याचा प्रश्न. छायाचित्रकारांची एक छोटीशी जमात मात्र असा कॅमेरा वापरते की, त्यात ती आधी दिसतच नाही. हा कॅमेरा म्हणजे डिजिटल रेंजफाइंडर. त्याच्या खिडकीतून पाहिले की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळले. आपण भिंगातून पाहत नसतो, भिंगाशेजारच्या झरोक्यातून पाहत असतो. जर्मनीच्या लायका कंपनीने १९५४ साली एम३ हा कॅमेरा काढला आणि त्या झरोक्यात उजळ रेषांची चौकट आखून दिली: या चौकटीत जे येईल ते चित्रात येईल. चौकटीबाहेरचेही थोडे जग दिसत राहते, म्हणून रस्त्यावर फिरणाऱ्यांना हा कॅमेरा इतका प्रिय. कार्तिए-ब्रेसाँ यांनी ५० मिलिमीटरच्या भिंगाशी जन्मभर जो संसार केला, त्याच्या उत्तरार्धाला अशाच चौकटीचा आधार होता.

परंतु या झरोक्याची धाव साधारणपणे २८ मिलिमीटरपर्यंत. त्याहून रुंद भिंग लावले तर चित्रात येणारे जग झरोक्यात मावतच नाही. मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर काचेचा आणखी एक छोटा फाइंडर बसवतात. अंतर खालच्या खिडकीत जुळवायचे, चौकट वरच्या खिडकीत पाहायची. लायकाने २००६ च्या सुमारास १६, १८ आणि २१ मिलिमीटर अशा तीन रुंदींचे एक भिंग काढले आणि त्याच्या जोडीला एक भलाथोरला फाइंडर दिला, त्यात पाणसळसुद्धा बसवलेली. रसिकांनी त्याच्या बेढब रूपावरून त्याचे नाते फ्रँकेनस्टाइनशी जोडले. रूप सोडा, पाणसळ फार उपयोगाची. अतिरुंद भिंग किंचित वर उचलले की इमारती मागे कलंडू लागतात.

या वरच्या फाइंडरवर माझा जो आक्षेप आहे, तो पुष्कळ लोक घेतात तो नव्हे. तो भिंगाहून पाच-सहा सेंटिमीटर वर बसतो, त्यामुळे जवळच्या वस्तूंचा मेळ चुकतो, ही तक्रार खरी आहे. अर्ध्या मीटरवर १५ मिलिमीटरच्या भिंगात सुमारे ८० सेंटिमीटर उंचीचे दृश्य मावते. त्यात सहा सेंटिमीटरची चूक म्हणजे तेरावा हिस्सा. सवयीने ती सांभाळता येते. खरी गोम निराळी आहे. हे काचेचे फाइंडर जगाला लहान करून दाखवतात, आणि बहुतेकांच्या कडा आत वळलेल्या असतात. परिणाम असा, की फाइंडरमध्ये टोकाची मावशी अगदी सुरेख, प्रमाणबद्ध दिसते. तुम्ही समाधानाने बटण दाबता, आणि चित्रात ती पसरलेली निघते. जो अन्याय करायचा तो भिंग करते, आणि फाइंडर तो झाकून ठेवतो.

तर मग अशा आंधळेपणातून चांगले काही निपजलेच नाही काय? निपजले, आणि ते इतके मोठे निपजले की विचार करावा लागतो. इंग्लंडच्या बिल ब्रँट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला एक जुना, लाकडी, अतिरुंद भिंगाचा कोडॅक कॅमेरा मिळवला. असले कॅमेरे पोलीस लोक गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला वापरीत. खोली सगळी टिपली गेली की त्यांचे काम झाले. त्यातून समोरचे नीट दिसत नसे. ब्रँट यांनी त्या न दिसण्यालाच आपली रीत केली: आपण पाहायचे नाही, कॅमेऱ्याला पाहू द्यायचे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अनावृत देहांच्या चित्रसंग्रहात हातपाय, पाठी, खांदे असे ताणले आणि फुगले आहेत की, माणसाचे शरीर डोंगरासारखे, किनाऱ्यावरच्या गोट्यांसारखे भासू लागते. तिथे विरूपता हाच विषय होता. देहाला त्यांनी नाव-गाव ठेवलेच नाही. म्हणून तिथे कुणावर अन्याय झाला असे मला वाटत नाही.

विल्यम क्लाइन यांची गोष्ट याहून अवघड. त्यांचे न्यूयॉर्कवरचे पुस्तक १९५६ साली पॅरिसमध्ये निघाले. त्यात रुंद भिंग घेऊन ते गर्दीत अक्षरशः घुसले आहेत. पिस्तूल रोखून धरलेला तो पोरगा आठवा: पिस्तुलाचे तोंड भिंगाला टेकेल इतके जवळ, अंधुक आणि राक्षसी, त्यामागे रागाने वाकडा झालेला चेहरा, आणि शेजारी एक धाकटा, जरा शांत, जणू या भांडणाशी आपला संबंध नाही अशा नजरेने पाहणारा. मला हे चित्र आवडते ते त्या धाकट्यामुळे. पिस्तूल कुणीही मोठे करून दाखवील. शेजारच्याला मात्र क्लाइननी विदूषक केलेले नाही. इतक्या गडबडीत, इतक्या जवळून, त्याचा चेहरा त्याचाच राहिला आहे.

ही जवळीक हाच या भिंगांचा खरा धर्म आहे. ‘सगळे मावावे’ म्हणून जे ते लावतात त्यांच्या चित्रांत वर निम्मे आकाश, खाली निम्मी जमीन आणि मधे मुंग्यांएवढी माणसे, असा रिकामा संसार उभा राहतो. घर विकणाऱ्यांच्या जाहिरातींत दहा बाय दहाची खोली दरबार हॉलसारखी दिसते ती याच कृपेने. अतिरुंद भिंगाने चित्र काढायचे तर पुढ्यात काहीतरी हाताच्या अंतरावर हवे. तांत्रिक सोयही तशीच आहे. १५ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र ८ वर ठेवून अंतर एक मीटरच्या आसपास लावले, तर फिल्मच्या काळच्या हिशेबाने अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. आजचा डिजिटल पडदा जरा जास्त चिकित्सक आहे, तरी फार फरक नाही. म्हणूनच जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ साली फोइग्टलेंडर या जुन्या नावाने १५ मिलिमीटरचे हेलियार भिंग काढले, तेव्हा अंतर जुळवण्याच्या यंत्रणेशी त्याची जोडणीच केली नाही. अंदाजाने कडी फिरवा, पुरे.

डिजिटलचे युग आले आणि या निवांत जमातीची तारांबळ उडाली. जुन्या रुंद भिंगांचे मागचे अंग फिल्मच्या अगदी निकट पोचलेले असे. फिल्मला किरण तिरपे आले तरी चाले. डिजिटल पडद्यावरचे प्रकाशबिंदू म्हणजे छोट्या विहिरी. तिरपा किरण तळाशी पोचत नाही. चित्राची एक कड लालसर-जांभळी, दुसरी हिरवट दिसू लागली. २००४ साली आलेल्या एप्सन आर-डी१ मध्ये आणि २००६ च्या लायका एम८ मध्ये पडदा फिल्मच्या चौकटीहून लहान, म्हणून कडा आपोआप कापल्या जात; एम८ वर १५ चे भिंग २० सारखे वागे. मुखवटा झाकला, पण रुंदीही गेली. २००९ च्या एम९ मध्ये पूर्ण आकाराचा पडदा आला, आणि सगळे रंग उघडे पडले. भिंगाच्या कडीवर सहा काळे-पांढरे ठिपके आखून कॅमेऱ्याला ‘कोणते भिंग लावले आहे’ ते सांगायचे आणि कॅमेऱ्याने हिशेबाने रंग धुवायचे, असा उपाय चालू होताच. तो पुरेना. शेवटी २०१५ साली कोसिनानेच आपले १५ चे हेलियार नव्याने आखले, मोठे आणि जड केले, तेव्हा ही पीडा बरीचशी गेली. मौज अशी की, कडेच्या रंगासाठी या लोकांनी रात्री जागवल्या. कडेच्या माणसाच्या आकारासाठी तेवढा ओरडा मी कुठे ऐकला नाही.

२०१२ साली जाहीर झालेल्या लायका एम पासून पुढे बहुतेक एम कॅमेऱ्यांवर इलेक्ट्रॉनिक फाइंडर लावता येऊ लागला. २०२५ च्या एम ईव्ही१ मध्ये तर कंपनीने रेंजफाइंडरच काढून टाकला आणि इलेक्ट्रॉनिक फाइंडर पोटात बसवला. यात भिंग जे पाहते तेच दिसते: मावशी पसरते ती आधीच दिसते, इमारत कलते ती दिसते. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. त्यांच्या मुरडण्यात अहंकाराचा भाग आहे. पण सगळाच अहंकार नाही. छोट्या पडद्यात डोळा घातला की समोरचे जग राहत नाही, त्याचे चित्र राहते. एकदा चित्र झाले की ताणलेला हात मजेदार वाटतो, कललेला खांब ‘परिणाम’ साधतो, आणि छायाचित्रकार कडेच्या माणसाकडे भरतकामाच्या किनारीसारखे पाहू लागतो. काचेच्या फाइंडरने अन्याय न कळत होत असे. इथे तो कळून-सवरून, कौतुकाने होतो. अशी पुष्कळ चित्रे हल्ली पाहण्यात येतात, आणि ती पाहून मला थकवा येतो.

माझा कौल काचेच्या फाइंडरला आहे, पण घर, देऊळ, जिना असले काही नेमके बसवायचे असेल तेव्हा नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक फाइंडरला तोड नाही. माणसांसाठी मात्र काच बरी, कारण तिच्यातून माणूस जिता, हालता, आपल्याकडे पाहणारा दिसत राहतो. ती जे झाकते ते डोक्यात ठेवावे लागते, आणि ते ठेवणे कठीण नाही. १५ च्या चौकटीत मधले पाचातले दोन भाग साधारणपणे ३५ मिलिमीटरच्या भिंगाइतके सोज्ज्वळ असतात. चेहरे तिथे यावेत. उरलेल्या भागात भिंत, फरशी, आभाळ, झाडाची फांदी यांनी खुशाल पसरावे. त्यांना आरशात पाहायचे नसते.

समीक्षकाच्या बाजूचेही थोडे बोलले पाहिजे. अतिरुंद भिंगाची चित्रे आपण ज्या रीतीने पाहतो, तीत त्यांच्यावर अन्याय होतो. भूमितीने त्यांना एक जागा नेमून दिली आहे, आणि त्या जागी डोळा ठेवला तर ताण नाहीसा होतो. ती जागा म्हणजे भिंगाची लांबी गुणिले चित्र जितके पट मोठे केले ती पट. १५ च्या भिंगाचे चित्र दहापट, म्हणजे ३६ सेंटिमीटर रुंद छापले, तर डोळा कागदापासून १५ सेंटिमीटरवर हवा. इतक्या जवळून मोठ्या माणसाला बहुधा नीट दिसत नाही. फोनच्या पडद्यावर तर डोळा काचेला टेकवावा लागेल. मासिकाच्या पानावर, दिवाळी अंकाच्या आर्ट पेपरवर, आपण अशी चित्रे हातभर अंतरावरून पाहतो आणि ‘विरूप, विरूप’ म्हणून निकाल देतो. सव्वा मीटर रुंदीची प्रत भिंतीवर लावून तिच्यासमोर अर्ध्या मीटरवर उभे राहा. कड आता डोळ्यांच्या कोपऱ्यात गेलेली असते. तिथे उभा असलेला माणूस पाहायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की तो तिरप्या कागदावरून पुन्हा आपल्या मूळच्या बांध्यात दिसतो.