हवामानकृतीच्या विरोधाचे समाजशास्त्र : खानदेशातून एक वाचन

पर्यावरण चळवळींचा अभ्यास करणाऱ्या पाश्चात्त्य समाजशास्त्रात गेल्या पाव शतकात एक नवी शाखा रुजली आहे. चळवळ का उभी राहते एवढेच न विचारता तिला संघटितपणे कोण अडवितो, हेही ती शोधते. रायली डनलॅप व एरन मॅकक्राइट यांचे २००० आणि २००३ सालचे निबंध आणि नाओमी ऑरेस्केस व एरिक कॉनवे यांचा 'मर्चंट्स ऑफ डाउट' (२०१०) हा ग्रंथ या शाखेतील प्रमुख लेखन होय. धुळे-जळगावच्या भूमीवर उभे राहून हे लेखन वाचले असता काय दिसते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

प्रथम त्याचे मोल. विरोध हा अज्ञानातून येत नाही, तो पैसा खर्चून तयार केला जातो, हे या अभ्यासकांनी पुराव्यानिशी दाखविले. धूम्रपानाने कर्करोग होतो हे विज्ञानाने सांगितल्यावर अमेरिकेतील तंबाखू उद्योगाने आपली बाजू सिद्ध करण्यापेक्षा 'अद्याप निश्चित नाही' ही भावना लोकांच्या मनात टिकविण्यावर भर दिला. फ्रेडरिक सीट्झ हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एका तंबाखू कंपनीच्या संशोधन-निधीचे काम पाहत होते. १९८४ साली स्थापन झालेल्या जॉर्ज मार्शल संस्थेचेही ते एक संस्थापक, आणि हीच संस्था पुढे तापमानवाढीविषयी शंका पसरविण्यात अग्रभागी राहिली. तेल, कोळसा व मोटार उद्योगांची 'ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन' १९८९ ते २००२ या काळात कार्यरत होती. क्योटो कराराच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी अशा कराराविरुद्ध ठराव केला. कालामांना उद्देशून केलेला उपदेश ज्या वाचकाला परिचित आहे, त्याला येथील भेद चटकन उमगेल. तेथे शंका ही तपासणीची सुरुवात आहे; येथे तपासणी पूर्ण झाल्यावर ती पुन्हा थांबविण्यासाठी शंका विकत घेतली गेली.

मात्र या लेखनातील 'प्रति-चळवळ' ही संकल्पना जशीच्या तशी उचलून साक्री तालुक्यात नेली की ती अडखळते. साक्रीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तेव्हा वनजमीन त्यांच्यासाठी वळविण्यास तेथील आदिवासींनी विरोध केला. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन त्यांच्या नावावर नव्हती. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला आणि २००८ पासून अमलात आला. दावे प्रलंबित असताना जमीन मात्र वाटली जात होती. धुळे जिल्ह्यातील काही पवनप्रकल्प क्योटो करारातील 'स्वच्छ विकास यंत्रणे'खाली नोंदले गेले, ही बाब लक्षणीय आहे. ज्या कराराला हाणून पाडणाऱ्यांचा डनलॅप-मॅकक्राइट यांनी अभ्यास केला, तोच करार साक्रीत आला तो आदिवासीच्या शेताची हद्द बदलणारा होऊन. मग या आदिवासीला हवामानकृतीचा विरोधक म्हणावयाचे काय? त्याने तापमानवाढ नाकारलेली नाही. त्याच्यामागे निधी नाही, प्रचारसंस्था नाही. तरीही विरोधकांची गणना करणाऱ्या तक्त्यात तो आणि तेल कंपनी एकाच बाजूस पडण्याचा धोका आहे.

उलट, येथील कोळशाला कोणाचीही शंका विकत घ्यावी लागली नाही. भुसावळजवळच्या दीपनगर येथे १९६८ पासून औष्णिक वीज तयार होते, आणि अलीकडे तेथे ६६० मेगावॅटचा नवा संच उभारला गेला. आपल्याकडे हवामानबदल कोणी नाकारत नाही, कोळसाही कोणी सोडत नाही. या स्थितीला अमेरिकन चौकटीत नाव नाही. धुळ्याचे शरद पाटील (निधन २०१४) यांनी एकप्रवाही वर्गविश्लेषणावर घेतलेला आक्षेप येथे आठवतो: जातीचा प्रश्न वगळून केलेली मांडणी भारतात अर्धीच राहते. तो आक्षेप हवामानाच्या समाजशास्त्रालाही लागू पडतो.

अर्थात उलट टोकाला जाण्याचेही कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. नदीखोऱ्यांचा विकास आणि वीज यांच्या नियोजनात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या परंपरेला यंत्राचे वावडे नाही. गेल ऑम्व्हेट यांनी १९९९ साली अरुंधती रॉय यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात धरणविरोधी भूमिकेला दिलेले उत्तर याच परंपरेतले होते. मुकुल शर्मा यांचा 'कास्ट अँड नेचर' (२०१७) हा ग्रंथ दलितांच्या स्वतंत्र पर्यावरणविचाराचा शोध घेतो आणि मुख्य प्रवाहातील पर्यावरणवादाची ब्राह्मणी बैठक उघड करतो. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु जमिनीच्या मालकीचा प्रश्न तेथेही पुरेसा पुढे येत नाही, असे आम्हास वाटते.

तो प्रश्न खानदेशात उघडा पडतो. विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला न मिळाल्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्यांचे निधन सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच शिवारात मजुरीवर जगणाऱ्या भूमिहीनांचे काय झाले, हे कोणत्या बातमीत आले? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने आधीच्या तीन वर्षांत त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या शेतमजुरांनाही बाधित कुटुंब मानले. भाडेपट्ट्याने जमीन घेतली की हा कायदा बाजूला राहतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२३) खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरले. ते अर्थातच सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास मिळते.

शासकीय व गायरान जमिनीही सौर प्रकल्पांना दिल्या जातात, आणि येथे आपला इतिहास मध्ये येतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेशही होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, तेव्हाही भूमिहीन व अनुसूचित जातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. ज्यांची प्रकरणे अजून नियमित झालेली नाहीत, अशा कुटुंबाने आपल्या गायरानावर सौर पटले बसविण्यास हरकत घेतली, तर तिची नोंद कोणत्या सदराखाली करावयाची, हे या शाखेच्या अभ्यासकांनी अद्याप ठरविलेले नाही.