मुखवटे उतरल्यावरची अ‍ॅलिस

लुईस कॅरोल यांची ‘अ‍ॅलिस’ १८६५ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर एकशे एक वर्षांनी, २८ डिसेंबर १९६६ च्या रात्री, बीबीसीने जोनाथन मिलर यांनी केलेले तिचे कृष्णधवल रूपांतर दाखवले. दिवस नाताळच्या सुटीचे. पण वेळ मात्र मुलांच्या झोपेनंतरची. बालवाङ्मयातली एवढी लाडकी कथा मुले निजल्यावर दाखवावी, यावरून त्या वेळी इंग्लंडात पुष्कळ कुरबुर झाली. या रूपांतराला संगीत पंडित रविशंकर यांचे. खरे सांगायचे तर वीसेक वर्षांपूर्वी मी त्याची डीव्हीडी मिळवली ती केवळ त्या एका नावासाठी, आणि पाहून भारावून गेलो होतो. परवा नऊ वर्षांच्या नातीला शेजारी बसवून ती पुन्हा लावली. या वेळी माझे मत पूर्वीसारखे राहिले नाही. ते नेमके कुठे आणि का हलले, हे तपासून पाहावे म्हणून हे टिपण.

मिलर यांनी केलेली मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगता येते: त्यांनी प्राण्यांचे मुखवटे काढून टाकले. सर जॉन टेनियल यांच्या मूळ चित्रांमुळे जाकीट घातलेला ससा, भलामोठा डोडो आणि वासराच्या डोक्याचे कासव ही मंडळी आपल्या मनात कायमची बसली आहेत. डिस्नेच्या १९५१ च्या चित्रपटाने त्यांना रंग दिला. मिलर यांच्या चित्रपटात यांतले काहीच नाही. ससा हा घाईत असलेला, काळजीने पोखरलेला एक गृहस्थ आहे. उंदीर म्हणजे अ‍ॅलन बेनेट, सुरवंट म्हणजे मायकेल रेडग्रेव्ह. सगळे व्हिक्टोरियन पोशाखातले, ओळखीचे वाटावेत असे वडीलधारे लोक. मांजर तेवढी खरीखुरी मांजर आहे. मुखवटा उतरला की मागे काय उरते, तर सतत घाईत असलेली, चिडकी, आपल्याच शब्दांच्या जाळ्यात अडकलेली मोठी माणसे आणि त्यांच्यामध्ये उभी एक मुलगी. मोठे होणे म्हणजे हेच का, असे ती मनाशी म्हणत असावी. मिलर स्वतः वैद्यकाचे पदवीधर. रोग्याच्या अंगावरचे पांघरूण बाजूला करून पाहण्याची डॉक्टरी सवय इथे दिसते.

हे वाचन उपरे नाही. मूळ पुस्तकात अ‍ॅलिसला पुन्हापुन्हा कविता म्हणून दाखवायला फर्मावले जाते, आणि दर वेळी पाठ केलेल्या बोधपर ओळी तिच्या तोंडून भलत्याच होऊन बाहेर पडतात. पाहुण्यांसमोर हात जोडून मनाचे श्लोक म्हणून दाखवण्याचा प्रसंग आपल्या घरांतल्या कोणाला चुकला आहे? परमुलखात राहणाऱ्या घरांत तर तो अधिकच. मुलाचे मराठी शाबूत आहे, याची ती परीक्षाच असे. एखादा चरण विसरला की सगळी बैठक आपल्याकडे पाहत राही, त्या क्षणीची पोटातली कालवाकालव कॅरोल यांनी विनोदाच्या वेष्टनात दिली आहे. मिलर यांनी वेष्टन सोडले आणि कालवाकालव तेवढी ठेवली.

स्थळाची निवडही याच दृष्टीची. चित्रीकरणाचा बराच भाग साउथहॅम्प्टनजवळच्या नेटली येथील जुन्या लष्करी रुग्णालयात झाला. १८५६ साली राणी व्हिक्टोरियाने पायाभरणी केलेली ही इमारत सुमारे पाव मैल लांबीची. हिंदुस्थानातून आजारी होऊन परतणारे गोरे सैनिक इथे आणले जात आणि इकडच्या फौजेसाठी डॉक्टरही इथेच तयार होत. शेरलॉक होम्सचे डॉक्टर वॉटसन याच नेटलीचे विद्यार्थी, हे होम्सभक्तांना आठवत असेल. चित्रीकरण झाले त्याच वर्षी, १९६६ मध्ये, ही इमारत पाडण्यात आली. तिचे प्रार्थनामंदिर तेवढे राहिले. त्या न संपणाऱ्या ओसाड पडव्यांतून अ‍ॅलिस चालते, तेव्हा सशाचे बीळ कुठे दाखवले नाही याची आठवणही होत नाही. साम्राज्याचा वाडाच तिच्याभोवती रिकामा होत चालला आहे.

आणि या पडव्यांत सतार वाजते. तिच्याबरोबर ओबो हे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य आहे. इंग्रज प्रेक्षकाला १९६६ साली सतार म्हणजे अनोळखी, गुंगी आणणारे काहीतरी. स्वप्नाची खूण म्हणून ती योजली आहे हे उघड आहे. उन्हाळ्यातल्या दुपारचे जडत्व, गवतातली माशांची गुणगुण यांत ती सुरेख मिसळते. पण आपल्या कानांचे काय? आपल्याला त्या चित्रपटात परके वाटते ते सगळे डोळ्यांना. कानांना मात्र घरचे कोणी तरी हाक मारत असते. याच रविशंकरांनी ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गेसाठी सतार वाजवली होती. तिथे ती मुलांच्या बाजूने बोलते, त्यांच्याबरोबर धावते. इथे ती अ‍ॅलिसच्या बाजूने बोलत नाही, तिच्यावर पसरून राहते. पहिल्या वेळी मी केवळ वादनाच्या अभिमानाने ऐकले होते. हा फरक तेव्हा लक्षात आला नाही.

चहापानाच्या प्रसंगापाशी नात उठून गेली. जाताना म्हणाली, “आजोबा, ही मुलगी एकदाही हसत का नाही?” हा प्रश्न मला झटकता आला नाही. पीटर कुक यांचा टोपीवाला कंटाळ्याचे उत्तम चित्र उभे करतो, पण तो कंटाळा प्रेक्षकाच्याही वाट्याला येतो. पुस्तकातली अ‍ॅलिस कुतूहलाने फुललेली आहे; ती वाद घालते, रागावते, चूक झाली की लाजते, आणि शेवटी पत्त्यांच्या सगळ्या दरबाराला पत्ते म्हणून धुडकावते. मिलर यांची अ‍ॅलिस बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतसुद्धा नाही. तिची निम्मी वाक्ये मनातल्या मनात उमटतात. एवढ्या अलिप्त मुलीला भोवतालची माणसे विक्षिप्त वाटतील तरी कशी? विक्षिप्तपणा कळायला समोर शहाणपणाचा आग्रह धरणारे कोणी तरी लागते. देवदत्त टिळकांनी ‘जाईची नवलकहाणी’ म्हणून तिला मराठीत आणले, तेव्हा नावासकट सारे बदलूनही ही चौकस पोर त्यांनी हातची जाऊ दिली नाही.

माझा खरा आक्षेप शेवटाला आहे. चित्रपट संपताना अ‍ॅलिसच्या आवाजात वर्डस्वर्थ यांची एक प्रसिद्ध कविता ऐकू येते. बालपणीचे तेज जगावरून कसे ओसरले, याचा शोक करणारी. पहिल्या वेळी माझे डोळे ओलावले होते. आता वाटते, ही खंत तिची नव्हे. कॅरोल यांच्या पुस्तकाचा शेवटही हुरहुर लावणारा आहे, पण ती हुरहुर त्यांनी थोरल्या बहिणीकडे दिली आहे. अ‍ॅलिस स्वप्न सांगून चहाला पळून जाते; मागे बसून उद्याच्या प्रौढ अ‍ॅलिसची कल्पना करते ती बहीण. लहान मुलाला आपले बालपण हरवत असल्याचे दुःख नसते, ते आपल्याला असते, हे कॅरोल यांना पक्के ठाऊक होते. मिलर यांनी आपले दुःख मुलीच्या तोंडी घातले. म्हणजे ज्या मोठ्या माणसांचे मुखवटे त्यांनी उतरवले, त्यांच्यासारखेच तेही तिला कविता म्हणायला लावून मोकळे झाले.

तरीही एक प्रसंग कुठल्याच आक्षेपाला दाद देत नाही. समुद्रकिनारा, ओली वाळू आणि त्यावरून नाचत जाणारे दोन वृद्ध: कासव झालेले जॉन गिलगुड आणि ग्रिफन झालेले माल्कम मगरिज. संगीताची साथ नाही, नुसता म्हाताऱ्या गळ्याचा सूर. आपल्या शाळेच्या आठवणी काढून ते हळहळतात, आणि इथे ती हळहळ ज्याची त्याच्याकडेच राहते. मुलगी नुसती बरोबर चालते. हा प्रसंग सुरू असताना नात दारात येऊन उभी राहिली होती. संपल्यावर तिने तो पुन्हा लावायला सांगितला.