'जाहीर सूचना' कोणासाठी? : जितीश कल्लाट यांच्या भाषाधारित कलाकृतींच्या प्रदर्शनप्रवासाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृश्यकलेच्या क्षेत्रात जी स्थित्यंतरे घडून आली, त्यांत भाषेने चित्रचौकटीत केलेला प्रवेश ही एक महत्त्वाची घटना होय. जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने १९६५ मध्ये एक प्रत्यक्ष खुर्ची, तिचे छायाचित्र आणि 'खुर्ची' या शब्दाचा कोशातील अर्थ हे तिन्ही शेजारीशेजारी मांडले व वस्तू, प्रतिमा आणि शब्द यांच्या नात्याविषयीचा प्रश्न उपस्थित केला. जेनी होल्झर यांनी १९७७ पासून न्यूयॉर्कच्या भिंतींवर छापील विधाने चिकटविली. येथून पुढे शब्द हाच कलाकृतीचा ऐवज ठरू लागला. या प्रवाहास संकल्पनात्मक कला असे म्हटले जाते. तीत कलावंताच्या हस्तकौशल्यापेक्षा कल्पनेला प्राधान्य असते.

महाराष्ट्रात या प्रकारचे काम सातत्याने करणाऱ्या कलावंतांमध्ये जितीश कल्लाट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९७४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या कल्लाट यांनी सर ज. जी. कलाशाळेतून १९९६ मध्ये चित्रकलेची पदवी घेतली. १९९७ मधील त्यांच्या पहिल्या एकल प्रदर्शनाचे नाव 'पी.टी.ओ.' असे होते. पानाच्या तळाशी 'मागे पाहा' अशी सूचना देणारी ही तीन अक्षरे होत. पुढील कारकिर्दीची दिशा या नावातच सूचित झाली होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते. चित्रकार म्हणून त्यांचे कार्य विपुल आहे. तथापि प्रस्तुत लेखात केवळ त्यांच्या भाषाधारित कलाकृतींचा आणि त्या जेथे जेथे मांडल्या गेल्या त्या स्थळांचा विचार केला आहे.

'पब्लिक नोटीस' या त्यांच्या मालिकेच्या नावाचा सरळ मराठी अर्थ 'जाहीर सूचना' असा होतो. ग्रामीण मराठवाड्यातील वाचकास हा शब्दप्रयोग सुपरिचित आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर, तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर त्याची नित्य गाठ पडते. म्हणूनच ही सूचना कोणाला उद्देशून आहे, कोणत्या भाषेत आहे आणि कोठे लावली आहे, हे तीन प्रश्न विचारणे समीक्षेच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

जळालेले शब्द आणि आरसा :

मालिकेतील पहिली कलाकृती २००३ मधील आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित जवाहरलाल नेहरू यांनी संविधान सभेत केलेले भाषण कल्लाट यांनी अ‍ॅक्रिलिकच्या पाच आरशांवर रबरी चिकटद्रव्याने हाताने लिहिले आणि नंतर ते पेटवून दिले. द्रव्य जळून गेले आणि काळवंडलेली, वितळलेली अक्षरे मागे उरली. उष्णतेने आरसेही वाकले. परिणामी जो कोणी ते भाषण वाचू पाहतो, त्याला जळालेल्या ओळींच्या मागे स्वतःचाच वेडावाकडा चेहरा दिसतो.

२००२ मध्ये गुजरातेत झालेल्या हिंसाचाराची पार्श्वभूमी या कलाकृतीस आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कलावंताने मूळ भाषणात स्वतःचा एकही शब्द घातलेला नाही. त्याचे भाष्य शब्दांतून येत नाही, ते द्रव्यातून येते. वचन तेच आहे, पण ज्या अवस्थेत ते आज उरले आहे ती अवस्था दाखविली आहे. मराठी वाचकाला या ठिकाणी तुकोबांच्या गाथा इंद्रायणीत बुडविल्याची कथा आठवल्यावाचून राहत नाही. त्या कथेत शब्द पाण्यातून कोरडे बाहेर येतात. लोकमानसाची शब्दांवरील श्रद्धा तेथे पणाला लागते आणि सिद्ध होते. कल्लाट यांच्या आरशांवरील शब्द मात्र अग्नीतून अक्षत बाहेर येत नाहीत. आधुनिक कलावंताजवळ ती श्रद्धा शिल्लक नाही. मात्र शब्दांविषयीची आस्था आहे. ही आस्था नसती तर भाषण जाळण्याआधी ते अक्षर न् अक्षर हाताने लिहिण्याचे कष्ट त्याने घेतले नसते.

अस्थींची वर्णमाला :

'पब्लिक नोटीस २' ही कलाकृती २००७ मधील आहे. दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येस, ११ मार्च १९३० रोजी, महात्मा गांधींनी साबरमतीच्या काठी केलेले भाषण येथे ४,४७९ अक्षरांत मांडले आहे. प्रत्येक अक्षर फायबरग्लासचे असून त्याचा आकार हाडासारखा आहे. फडताळांवर ओळीने मांडलेली ही अक्षरे एखाद्या उत्खननात सापडलेल्या अवशेषांप्रमाणे भासतात. अहिंसेचा आणि शिस्तबद्ध कायदेभंगाचा उपदेश अस्थींच्या लिपीत वाचावा लागणे हा विरोधाभास प्रेक्षकास अस्वस्थ करतो. ही कलाकृती २०१० मध्ये लंडनच्या साची गॅलरीतील भारतीय कलेच्या प्रदर्शनात मांडली गेली व पुढे सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स या संस्थेच्या संग्रहात समाविष्ट झाली.

या कलाकृतीची भव्यता निर्विवाद आहे, परंतु तिच्या मर्यादेची नोंदही येथेच करणे भाग आहे. प्रेक्षकाला प्रथम हाडे दिसतात, वाक्ये नंतर. एवढे दीर्घ भाषण हाडांच्या अक्षरांतून उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचण्यास जो धीर लागतो, तो दालनातून फिरणाऱ्या प्रेक्षकाजवळ क्वचितच असतो. अशा वेळी भाषण हे वाचण्याचा मजकूर न राहता पाहण्याचा देखावा बनते. शिवाय मूळ भाषण साबरमतीकाठी जमलेल्या जनसमुदायाला उद्देशून होते. उद्या आपण पकडले गेलो तर काय करायचे, याच्या प्रत्यक्ष सूचना त्यात होत्या. ती खऱ्या अर्थाने जाहीर सूचना होती. कलाकृतीत ती इंग्रजी रूपात आली आणि साबरमतीच्या वाळूवरून उठून लंडन-सिडनीच्या दालनांत गेली. सूचना तीच राहिली, मात्र ती ज्यांनी अमलात आणावयाची ते लोक समोर नाहीत.

पायऱ्या, तारीख आणि रंग :

मालिकेतील तिसरी कलाकृती ११ सप्टेंबर २०१० रोजी शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये खुली झाली. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत केलेले पहिले भाषण संस्थेच्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या दर्शनी बाजूंवर प्रकाशमान अक्षरांत मांडण्यात आले. अक्षरांचे पाच रंग अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने दहशतवादी धोक्याची पातळी दर्शविण्यासाठी २००२ मध्ये योजलेल्या संकेतांतून घेतले होते. परिषद ज्या वास्तूत भरली होती तीच ही वास्तू होय. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला या दोन तारखांच्या मध्ये उभा आहे. धर्मांधतेचा अंत व्हावा अशी इच्छा व्यक्त करणारे भाषण आणि त्यानंतर १०८ वर्षांनी त्याच तारखेस घडलेला संहार यांना कलावंताने एका जिन्यावर आणून उभे केले.

तारखांचा योगायोग हा कार्यकारणभाव नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो तर्कदृष्ट्या बरोबर आहे. मात्र किल्लारी परिसरातील वाचकास तारखेचे सामर्थ्य निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसापासून '३० सप्टेंबर' हे शब्द या भागात केवळ दिनदर्शिकेतील नोंद राहिले नाहीत. जन्म, लग्न, शेतीचे व्यवहार यांचा हिशेब 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' असा होऊ लागला. तारीख ही मोजमापाची खूण न राहता एक मजकूर बनते, तो मजकूर समाज वाचत राहतो. शिकागोच्या जिन्यावर कल्लाट यांनी हेच दाखविले आहे.

शिवाय या कलाकृतीत स्थळ हे निमित्तमात्र नाही. वर जाणाऱ्या प्रत्येकाला पायरीगणिक भाषण वाचावे लागते, दम लागतो, थांबावे लागते. जेथे शब्द उच्चारले गेले तेथेच ते परत आले आणि ज्या भाषेत व ज्या श्रोत्यांसाठी उच्चारले गेले, त्याच भाषेत त्याच नगरीतील लोकांपुढे आले. जाहीर सूचनेच्या तिन्ही अटी, म्हणजे भाषा, स्थळ आणि लोक, येथे पूर्ण होतात. म्हणून मालिकेतील ही सर्वाधिक यशस्वी कलाकृती होय.

वर्ध्याचा पत्ता असलेले पत्र :

२०१२ मधील 'कव्हरिंग लेटर' ही कलाकृती मालिकेबाहेरची, पण त्याच कुळातील आहे. २३ जुलै १९३९ रोजी गांधींनी हिटलरला एक अल्पाक्षरी पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली. ब्रिटिश सरकारने ते पोहोचू दिले नाही आणि १ सप्टेंबर रोजी दुसरे महायुद्ध सुरू झाले. पत्राच्या शिरोभागी वर्ध्याचा पत्ता आहे. कल्लाट यांनी हे पत्र अंधाऱ्या दालनात खाली झरणाऱ्या धुक्याच्या पडद्यावर प्रक्षेपित केले. वाचकाला पत्रातून आरपार चालत जाता येते. तो जाताच अक्षरे विस्कटतात आणि पुन्हा जुळून येतात. न पोहोचलेल्या पत्राला धुक्याहून अधिक समर्पक कागद मिळणे कठीण होते.

हे पत्र २०१६ मध्ये फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात आणि २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीतील भारताच्या दालनात मांडले गेले. गांधींच्या १५० व्या जयंतीवर्षानिमित्त रूबिना करोडे यांनी त्या दालनाची मांडणी केली होती. त्याच वर्षी व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनात मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांची १०० ध्वनिक्षेपकांची रचना होती. लेखनामुळे वा विचारांमुळे बंदिवास भोगलेल्या १०० कवींच्या ओळी तीतून वेगवेगळ्या भाषांत ऐकू येत. दोघांची तुलना उद्बोधक ठरते. गुप्ता यांच्याकडे अनेक भाषा आहेत आणि न समजणारी भाषा ऐकत उभे राहणे हाच तेथील अनुभव आहे. कल्लाट यांच्याकडे एकच भाषा आहे, ती इंग्रजी, आणि तिचे वाचन अवघड करणारे द्रव्य दरवेळी नवे आहे.

याला एक अपवाद आहे. २०१८ मधील 'टेरानम नुन्सियस' या कलाकृतीत त्यांनी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठविलेल्या सुवर्ण तबकडीवरील चित्रे व ध्वनी वापरले. तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. कल्लाट यांच्या भाषाधारित कामात मराठी ऐकू येते ती अशी, परग्रहावरील अज्ञात श्रोत्यास उद्देशून. या विसंगतीवर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

किल्लारीच्या फलकावरून :

भूकंपानंतर राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नुकसानीच्या प्रमाणानुसार गावांची 'अ', 'ब', 'क' अशी वर्गवारी करण्यात आली आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. फलकावरील एका अक्षरावर गावाने जुनी जागा सोडावी की तेथेच राहावे, घर नवे मिळावे की दुरुस्तीसाठी मदत मिळावी, हे ठरत होते. यादीतील आपले नाव बोटाने शोधणाऱ्या माणसाचे वाचन कोणत्याही कलादालनातील वाचनाहून अधिक एकाग्र असते. अक्षर ही जड वस्तू आहे, तिला वजन असते, ती माणसाला उचलून दुसरीकडे ठेवू शकते, हा संकल्पनात्मक कलेचा सिद्धान्त या भागाने कोणत्याही प्रदर्शनाविना अनुभवला आहे.

हे प्रतिपादन कल्लाट यांच्या कलेचे मूल्य कमी करण्यासाठी केलेले नाही. फलकावरचा मजकूर काम संपताच पुसला जातो. त्याला जपण्याची, पुन्हा वाचण्याची व्यवस्था नसते. कलाकृती ती व्यवस्था निर्माण करते. नेहरूंचे वचन, गांधींची सूचना, विवेकानंदांचे आवाहन ही आपली सामुदायिक कागदपत्रे आहेत. पाठ्यपुस्तकात बंद झालेली ही कागदपत्रे कलावंताने पुन्हा फलकावर लावली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. प्रश्न उरतो तो फलक कोठे आहे याचा. २०१७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात कॅथरीन डेव्हिड यांनी मांडलेल्या सिंहावलोकनी प्रदर्शनाने कल्लाट यांचे काम देशांतर्गत प्रेक्षकांपुढे विस्ताराने आणले, परंतु दिल्ली आणि मुंबई येथेच देशाची सीमा संपत नाही.

निष्कर्ष :

१. कल्लाट यांच्या भाषाधारित कलाकृतींत मूळ मजकूर अबाधित राहतो. भाष्य द्रव्यातून, म्हणजे अग्नी, अस्थी, प्रकाश आणि धुके यांतून, प्रकट होते.

२. जेथे शब्द, स्थळ व लोक यांची सांगड बसते तेथे कलाकृती 'जाहीर सूचना' हे नाव सार्थ करते. शिकागोचा जिना हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जेथे ही सांगड सुटते तेथे मजकुराचा देखावा होण्याचा धोका संभवतो.

३. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांनी या कलाकृतींना कीर्ती दिली, पण ज्या जनतेची ही वचने आहेत ती जनता बव्हंशी प्रेक्षकवर्गाबाहेर राहिली. इंग्रजीचा एकमेव आधार हे याचे एक कारण आहे.

४. भाषाधारित कलेचे मूल्यमापन करताना केवळ कलाबाजाराचे वा द्वैवार्षिकींचे निकष पुरेसे नाहीत. ज्या समाजाने एका अक्षरावर आपले गाव बदललेले पाहिले, त्याच्या वाचनानुभवासही समीक्षेत स्थान मिळाले पाहिजे.

वर्ध्याचा पत्ता असलेले पत्र फिलाडेल्फिया व व्हेनिस येथे वाचले गेले. ते एखाद्या दिवशी वर्ध्याच्या वा किल्लारीच्या शाळेतील मुलांना, त्यांच्या भाषेत, धुक्यातून चालत जाऊन वाचता आले, तर तो या कारकिर्दीतील सर्वांत दूरचा नव्हे, तर सर्वांत आवश्यक मुक्काम ठरेल.